गाडी एक, इंधने दोन : किटच्या सेटिंगची खातरजमा करा

कापडाचे गठ्ठे भरून बोरी, चारठाणा, सेलूकडे जाणाऱ्या व्यापारी बंधूंमध्ये पेट्रोलच्या व्हॅनला सीएनजी किट बसवण्याची चर्चा नेहमी चालते. ही चर्चा किटच्या किमतीवर आणि टाकीमुळे मागची किती जागा जाते यावरच होते. वास्तविक नफा-नुकसान ठरते ते इंजिनच्या कॉम्प्युटरमधील सेटिंगवर, आणि तिची विचारपूस कोणी करीत नाही.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. सीएनजीला सुमारे १७ किलो, तर शुद्ध इथेनॉलला फक्त ९ किलो. शिवाय गॅस सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी थोडी आधी द्यावी लागते. सुती कापड धुतल्यावर आटते, हे जाणून दर्जी कापतानाच गुंजाइश ठेवतो. तेच माप टेरिकॉटला लावले तर सदरा ढगळा होतो. इंधनाचेही तसेच आहे.

सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा वेगळा कॉम्प्युटर असतो. पेट्रोलचा कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे ठरवतो. गॅसचा कॉम्प्युटर तो हुकूम मध्येच घेतो, गॅसचा दाब व उष्णता पाहून वेळेचा नवा हिशोब करतो आणि गॅसचे इंजेक्टर उघडतो. ठिणगी पुढे घेण्यासाठी निराळा डबा लागतो. स्वस्त किटमध्ये तो बहुधा वगळतात. गाडी पेट्रोलवर सुरू होऊन इंजिन तापल्यावर गॅसवर जाते, कारण दाब उतरताना रिड्यूसर गार पडतो व त्याला इंजिनच्या गरम पाण्याची ऊब लागते. मारुती इको सीएनजीसारख्या कारखान्यातूनच येणाऱ्या गाड्यांत दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी जुळवलेले असतात. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ही जुळणी कारागिराने लॅपटॉप लावून करायची असते, आणि घाई तिथेच होते.

पेट्रोलचा कॉम्प्युटर सायलेन्सरकडील ऑक्सिजन सेन्सर पाहून सतत दुरुस्ती करतो व ती लक्षात ठेवतो. गॅसची सेटिंग कमी धरली असेल, तर तो इंजेक्टरची वेळ वाढवीत जातो. पुढे पेट्रोलचे बटण दाबताच तीच वाढीव वेळ पेट्रोलला लागू होते. गाडी वास मारते, पेट्रोल जास्त खाते. मालक म्हणतो, पेट्रोलचे इंजिन बिघडले! बिघाड असतो गॅसच्या आकड्यांत. चढावर, भरल्या मालानिशी गॅस कमी पडत राहिला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, आणि इंजिन खोलण्याचा खर्च गॅसमधील वर्षभराची बचत गिळू शकतो.

तपासण्याची तरकीब सोपी आहे. माल भरलेली गाडी परभणी रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर गॅसवर चालवा, मग लगेच पेट्रोलवर घ्या. आयडलिंग डळमळले, धक्के बसले किंवा इंजिनचा दिवा लागला, तर पैसे चुकते करण्याआधी गाडी परत न्या. लॅपटॉपवर ‘फ्युएल ट्रिम’ दाखवायला सांगा. एकाच वेगाला पेट्रोल व गॅसवरील आकडे जवळपास सारखे आणि शून्याच्या आसपास हवेत. नुसती रिकामी गाडी उभी करून केलेली सेटिंग आमच्या मते सेटिंगच नव्हे.

आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज अशा पेट्रोलवर ६ ते ७ टक्के घटते. या इंधनावर कॉम्प्युटर इंजेक्टरची वेळ वाढवायला शिकतो आणि तोच वाढीव हुकूम गॅसकडेही जातो. म्हणून जुन्या पेट्रोलवर बसवलेले किट पुन्हा तपासून घ्यावे. ब्राझीलमध्ये २००३ पासून पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात घेणाऱ्या मोटारी विकल्या जातात. त्यांचा कॉम्प्युटर मिश्रण ओळखून माप आपोआप बदलतो. आपल्या जुन्या व्हॅनमध्ये ती सोय नाही.

कागदांविषयी एवढेच. किट मान्यताप्राप्त असावे, आरटीओकडून आरसी बुकावर सीएनजीची नोंद करावी आणि विमा कंपनीला कळवावे, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो. टाकीत सुमारे २०० बार दाबाने गॅस भरतात; तिची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. किट घेतानाच त्या टाकीवरील तारीख वाचून वहीत उतरवून ठेवावी.