उताराला गाडी बंद, डिझेल किती वाचतं?

वडापच्या जीपनं बाजाराला जाताना तुमच्या लक्षात आलं असेल, घाटाची चढण संपली की गाडीचा आवाज एकदम थांबतो. नुसता वारा ऐकू येतो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलेलं असतं. गटाच्या कर्जातून पिकअप घेतलेल्या बायकाही विचारतात, "ताई, मेकॅनिक वेगळं बटण बसवून देतो म्हणतोय. उताराला दाबलं की इंजिन बंद. बसवू का?"

हिशेब आपल्याला येतो, तर तोच आधी करू. अशा गाडीचं इंजिन नुसतं चालू राहिलं, तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल जातं. १५ मिनिटांच्या उताराला फार तर पाव लिटर. तेही गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर! गियरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की आजच्या गाड्यांत इंजिनाला जाणारं डिझेल आपोआप बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. म्हणजे बटण जे देणार, ते गाडी फुकटच देते आहे. हलक्या उताराला बंद गाडी जरा लांब जाते, हे खरं. पण घाटात गाडी लांब न्यायची नसते, आवरायची असते.

आता ब्रेकचं बघा. एवढी भरलेली गाडी पायानं थांबते, कारण ब्रेकला बूस्टर असतो. तो आपल्या पायाचा जोर वाढवतो, आणि तो चालतो इंजिनावर. इंजिन बंद झालं की आत उरलेल्या ताकदीवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो. मग पेडल दगडासारखं. कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटात वळणं काय तीनच आहेत? पॉवर स्टिअरिंगही जड होतं. चुकून किल्ली काढली गेली तर स्टिअरिंग लॉकच! शिवाय गियर गाडीला धरत नाही, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की धरेनासे होतात.

काही नव्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होतात, त्या उभ्या असताना. ती गोष्ट वेगळी. बाहेरून वायर तोडून बटण बसवलं, तर अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. गाडी गेली तरी हप्ता गटालाच भरायचा आहे.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरनं चढलो त्याच गियरनं उतरायचं. बचत करायचीच तर स्टँडवर सवारीची वाट बघताना इंजिन बंद ठेवा, तिथंही पाव लिटर वाचतं. टायरची हवा बघा.

आणि वडापमध्ये पुढं बसलेल्या बाईनं आवाज थांबला की लगेच म्हणायचं, "दादा, गाडी चालू करा, गियरमध्ये घ्या." एकटीचं ऐकलं नाही तर मागच्यांनीही म्हणायचं. बाजाराच्या दिवशी जीपमध्ये आपणच जास्त असतो.