‘ल्यूक’वर तान घेता येत नाही

‘‘अरे, ‘क’वर तान कशी घेणार? ‘ल्यूका’ म्हण!’’ पेटीवाल्यानं मुखडा पुन्हा दिला आणि आमच्या डार्थ व्हेडरनं त्या ‘का’वरून थेट तार षड्ज गाठला.

कॉलेजातला आमचा नाटकाचा ग्रुप पन्नाशी उलटल्यावर ‘स्टार वॉर्स’चं संगीत नाटक करतोय. निमित्त बॅचच्या स्नेहसंमेलनाचं. तालमी रविवारी सकाळी, कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. सूत्रधार थ्रीपीओ, नटी आर्टू. नटीला नुसत्या शिट्या वाजवता येतात, त्यामुळे तिचं म्हणणंही सूत्रधारच ‘काय म्हणतेस!’ करत सांगतो. 1977च्या पहिल्या सिनेमात सुरुवातीला पिवळी अक्षरं वर सरकत जातात. तो सगळा मजकूर आम्ही साकीत घातलाय. भराभर कथा सांगायला साकी-दिंडीइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

शब्द लिहिणारा आमचा जुनाच. पूर्वी जर्नलच्या मागच्या पानांवर लिहायचा, आता मोबाइलवर लिहितो. त्याचं काम बघण्यासारखं असतं. मात्रा जुळल्या म्हणजे पद झालं, असं तो मानत नाही. समेवर पडणारा शब्दच हसवणारा हवा. तो दोन मात्रा आधी आला की हशा विरून जातो. सूर लांबवायचा तिथे दीर्घ स्वर लागतो. ‘साम्राज्य’ विलंबितात भारदस्त वाटतं, द्रुत लयीत तेच जिभेला ठेच लावतं, म्हणून तिथे ‘सत्ता’ आली. तबलजी मान हलवेपर्यंत तो शब्द बदलत राहतो. चाल मात्र जुन्या नाट्यपदाची, जशीच्या तशी. यात कुणी नाक मुरडू नये. 1880 साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं, तेव्हा त्यांनीही पदांना लोकांच्या कानावरच्या चाली लावल्या होत्या.

गायकाची पट्टी तेवढी काळी दोनवरून काळी एकवर आलीय. त्यावर कुणी बोलत नाही.

खरी पंचाईत व्हेडरच्या शिरस्त्राणाची. आत तोंड कोंडलं की तान बाहेरच येत नाही. मग दिग्दर्शिकेनं तोडगा काढला: रंगमंचावर उंच माणूस, गायक विंगेत. सिनेमातही हेच होतं. अंगानं डेव्हिड प्राउझ, आवाजानं जेम्स अर्ल जोन्स. व्हेडरच्या श्वासाचा आवाज बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून मिळवला होता. आम्ही पेटीच्या भात्याजवळ माइक धरतो आणि एकही पट्टी न दाबता भाता हलवतो. अंधारात तो फुसकारा ऐकला की अंगावर काटा येतो, आणि त्यावर तबल्याचा ठेका सुरू झाला की हसू आवरत नाही.

व्हेडर आणि ल्यूकचं बापलेकाचं नातं उघड होतं ते 1980च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये. ‘मी तुझा बाप आहे’ हे वाक्य जगभर ल्यूकच्या नावासकट सांगितलं जातं. सिनेमात त्या वाक्यात नाव नाही. आमच्यातल्या एका काटेकोर माणसानं हे दाखवून दिलं, तरी आम्ही नाव ठेवलं. विडंबन मूळ कृतीचं कमी आणि लोकांच्या आठवणीतल्या कृतीचं जास्त असतं, असं माझं मत झालंय. आमच्या ग्रुपलाही ते लागू आहे. जुन्या गॅदरिंगमध्ये पडदा कुणी पाडला, याच्या जितकी माणसं तितक्या आवृत्त्या आहेत. प्राध्यापकांवरचे विनोद मात्र दिग्दर्शिकेनं सरळ कापले. आमच्या बायका-नवऱ्यांनी ते ऐकून उगीच का हसावं?

प्रकाशयोजना सांभाळणारी मुलगी आमच्यातल्या एकाची. ती भात्याच्या फुसकाऱ्याला हसते. ‘ल्यूका’वरच्या तानेला आम्ही का लोळतो, ते तिला कळत नाही. तिच्या आजीचं बरोबर उलटं.

सध्या भांडण भैरवीवरून आहे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधला शेवट आम्ही घेतलाय, तेव्हा व्हेडर मरताना भैरवी हवीच. गायकाला ती निवांत आळवायची आहे. दिग्दर्शिका म्हणते, मुखवटा काढल्यावर तो फार वेळ जगत नाही, दोन मिनिटांत आटप.