शिवा काशिदाचे बलुते

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे शिर १७९३ मध्ये क्रांतीने घेतले. त्या शिरावर केसांचे मनोरे रचणाऱ्या लिओनार ओतिए याच्या नावावर मात्र १८३८ मध्ये आठवणींचे पुस्तक निघाले. आपल्याकडील शिवा काशिदाच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातले एखादे वाक्य येते.

१६६० च्या आषाढात पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा होता. परंपरा सांगते, की पायथ्याच्या नेबापूरचा हा न्हावी महाराजांसारखा दिसे. दोन पालख्या निघाल्या. महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले. दुसऱ्या पालखीतला शिवा पकडला गेला आणि खरी ओळख पटताच मारला गेला.

परंतु केवळ रूपसाम्यावर हे सोंग वठले असते काय? शत्रूच्या छावणीत राजा म्हणून बसायचे, तर नजर, मान, बोलण्याची ढब हवी. ती न्हाव्याइतकी जवळून कोण न्याहाळतो? गळ्यावर वस्तरा धरण्याची मुभा राजा ज्याला देतो, त्याच्यावरचा विश्वास मंत्र्यावरील विश्वासाहून कमी कसा म्हणावा?

बलुतेदारीत न्हावी वर्षभर राबे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेई. अर्थशास्त्राच्या वर्गात हा हिशेब मी फळ्यावर मांडतो. त्या पालखीत बसण्याचे बलुते मात्र त्यात कुठेच बसत नाही.

पुण्याहून पन्हाळ्याला जाणाऱ्या आमच्या सहली बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी छायाचित्रे काढतात. शिवाची समाधीही तिथून दूर नाही. पण तोवर जेवणाची वेळ झालेली असते.