हर्बेरियम : वनस्पतींचे दप्तर

हर्बेरियम म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींचा शास्त्रीय पद्धतीने लावलेला संग्रह. जाड पांढऱ्या कागदावर शिवलेली किंवा चिकटवलेली एक फांदी, तिच्यावर फुले किंवा फळे, झुडूप लहान असेल तर मुळासकट सगळे रोप, आणि खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी, एवढाच एका नमुन्याचा ऐवज. जगभरात असे साडेतीन हजारांहून अधिक संग्रह आहेत आणि त्यांत ३९ कोटींच्या आसपास नमुने आहेत. मराठ्यांच्या इतिहासाला पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल जितके आवश्यक, तितकेच वनस्पतिशास्त्राला हे कागद आवश्यक आहेत. एखाद्या वनस्पतीच्या नावाबद्दल वाद निघाला, की शेवटचा निवाडा त्यांच्यापाशीच होतो.

या पद्धतीचे श्रेय सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य लुका गिनी यांना दिले जाते. बोलोन्या आणि पिसा येथे औषधी वनस्पती शिकवताना त्यांच्यापुढे एक साधी अडचण होती: थंडीत बाग ओस पडे आणि विद्यार्थ्यांना दाखवायला काही उरत नसे. वाळवून कागदावर लावलेल्या फांद्यांनी ती सोडवली. सुरुवातीला हे कागद ग्रंथासारखे बांधून ठेवत. कार्ल लिनियस यांनी सुटे कागद कपाटात ठेवायचा आग्रह धरला. बदल किरकोळ वाटतो, पण त्यामुळे नवा नमुना आला की योग्य जागी घालता येऊ लागला आणि मत बदलले की जुना नमुना हलवता येऊ लागला. १७५३ साली लिनियस यांचा वनस्पतींच्या जातींवरील ग्रंथ आला. वनस्पतींची आजची दोन शब्दी नावे, पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, अधिकृतपणे तेथून मोजली जातात.

नमुना तयार करण्याची रीत अजून फारशी बदललेली नाही. वनस्पती वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरायची, लाकडी जाळीच्या दोन फळ्यांमध्ये आवळून दाबायची आणि कागद बदलत राहायचे. सह्याद्रीत हे काम फार कष्टाचे असते. तिथली बहुतेक छोटी रोपे आणि गवते फुलतात ती पावसाळ्यात, म्हणजे नेमकी हवा सर्वांत दमट असताना, आणि कागद दररोज बदलले नाहीत तर बुरशी नमुना खाऊन टाकते. वाळल्यावर किडीची भीती सुरू होते. त्यासाठी पूर्वी नमुने मद्यार्कात विरघळवलेल्या मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवत. हे जहाल विष आहे, आणि जुन्या संग्रहांत काम करणाऱ्यांना त्याची काळजी आजही घ्यावी लागते. आता अनेक ठिकाणी नमुने काही दिवस अतिथंड कपाटात ठेवून कीड मारली जाते.

वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, वास जातो, झाडाची ठेवण कळत नाही. हे सगळे चिठ्ठीवर लिहावे लागते: कुठे, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केले, कितवा नमुना, फूल कोणत्या रंगाचे, झाड किती उंच, शेजारी काय होते, स्थानिक लोक काय म्हणतात. चिठ्ठी हरवलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

वर्गीकरणाच्या दृष्टीने या कोट्यवधी कागदांतले काही कागद वेगळ्या मोलाचे असतात. नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना अभ्यासकाला एक नमुना नेमून द्यावा लागतो. त्याला प्ररूप नमुना म्हणतात, आणि १ जानेवारी १९५८ पासून तो नेमल्याशिवाय नव्या जातीचे नाव ग्राह्यच धरले जात नाही. प्ररूप म्हणजे त्या जातीचा उत्तम किंवा सरासरी नमुना, असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्याचे काम एकच: नाव एका वस्तूला बांधून ठेवणे. पुढे ती जात दोन जातींत विभागली, तर ज्या भागात प्ररूप पडेल त्या भागाकडे जुने नाव राहते आणि दुसऱ्याला नवे मिळते.

या नियमाचे वजन बाभळीने दाखवून दिले. बाभूळ, हिवर, खैर, शिकेकाई हे सगळे दीर्घकाळ अकेशिया या एकाच प्रजातीत होते आणि त्या प्रजातीचे नाव बाभळीलाच बांधलेले होते. पुढे ही प्रचंड प्रजाती एकजिनसी नाही हे सिद्ध झाले आणि ती फोडणे भाग पडले. नियम जसाच्या तसा लावला असता, तर अकेशिया हे नाव बाभळीच्या गटाकडे राहून ऑस्ट्रेलियातल्या नऊशेहून अधिक जातींची नावे बदलावी लागली असती. म्हणून २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अपवाद करून प्रजातीचे प्ररूप ऑस्ट्रेलियन जातीकडे नेण्यात आले, आणि २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झाले. बाभूळ आणि हिवर वॅचेलिया झाले, खैर सेनेगालिया झाला, आणि कोकणात लागवडीसाठी आणलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच राहिली. आफ्रिका आणि आशियातल्या अनेक अभ्यासकांना हा निर्णय रुचला नाही, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे.

नमुनाच जपलेला नसेल तर काय होते, याचे उदाहरण मलबारात सापडते. कोचीचे डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी करवून घेतलेला ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यातली माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. मात्र या कामाचे वाळवलेले नमुने मागे राहिले नाहीत. लिनियस यांनी अनेक भारतीय वनस्पतींना नावे दिली ती या ग्रंथातली चित्रे पाहून, त्यामुळे कित्येक नावांचे प्ररूप आज एक चित्रच आहे. चित्रात पाकळीच्या आतला भाग उलगडून पाहता येत नाही. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक दशके या ग्रंथातल्या वनस्पती पुन्हा शोधण्यात आणि गोळा करण्यात घालवली, ती याच उणिवेपायी.

भारतातल्या संग्रहांचा पाया कंपनीच्या काळात घातला गेला. कोलकात्याजवळ शिबपूरची बाग १७८७ साली सुरू झाली. तिचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच १८२८ साली प्रचंड संग्रह घेऊन लंडनला गेले आणि त्याच्या प्रती त्यांनी युरोपभर वाटल्या. अशा वाटपामुळे भारतीय वनस्पतींचे असंख्य प्ररूप परदेशात, विशेषतः लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या संग्रहात, जाऊन राहिले. स्वातंत्र्यानंतरही भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेला आपला एक शास्त्रज्ञ क्यूला ठेवावा लागे, तो आपल्याच देशातल्या वनस्पतींचे मूळ नमुने पडताळण्यासाठी. शिबपूरच्या मध्यवर्ती राष्ट्रीय संग्रहात आज सुमारे वीस लाख नमुने आहेत.

मुंबई इलाख्याचे काम पुण्यातून झाले. कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी लिहिलेला इलाख्याच्या वनश्रीचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला आणि अजूनही तो अभ्यासकांच्या टेबलावर असतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला संग्रह फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटाच्या नावाने ओळखला जातो. पुण्यात सर्वेक्षणाचा पश्चिम विभाग १९५५ साली स्थापन झाला. आघारकर संशोधन संस्था आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांचेही स्वतःचे संग्रह आहेत.

जुन्या नमुन्याचे मोल एका बारीकशा गवताच्या कहाणीत पुरते दिसते. १९१९ साली मुलकी अधिकारी एल. जे. सेजविक आणि वन अधिकारी टी. आर. बेल यांनी जोग धबधब्याच्या तुषारांनी सतत भिजणाऱ्या खडकांवरून एक नाजूक गवत गोळा केले. ते काय आहे याचा उलगडा होण्यास तीस वर्षे लागली. भारतीय वनसेवेत काम केलेले गवततज्ज्ञ एन. एल. बोर यांनी १९५१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ती नुसती नवी जात नव्हती, नवी प्रजातीच होती. क्यूचे सी. ई. हबार्ड यांच्या नावावरून तिला हबार्डिया हेप्टान्यूरॉन म्हटले गेले. पुढे विजेसाठी शरावतीचे पाणी अडवले गेले, जोगचे तुषार आटले आणि हे गवत तिथे दिसेनासे झाले. ते नामशेष झाले असेच धरले गेले. मग २००२ साली शिवाजी विद्यापीठाचे प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिलारी घाटात, कोल्हापूर जिल्ह्यात, तसेच ओल्या खडकावर वाढणारे एक गवत दिसले. ते हबार्डियाच आहे असे म्हणता आले, कारण १९१९ चा नमुना आणि त्यावरचे वर्णन हाताशी होते. सेजविक आणि बेल यांनी त्या दिवशी ‘आणखी एक गवत’ म्हणून ते सोडून दिले असते, तर शरावतीवर काय गमावले हेही कळले नसते आणि तिलारीला काय सापडले हेही.

गोळा करणे आणि ओळखणे यांत असे अंतर पडणे नेहमीचेच आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९७० नंतर वर्णन झालेल्या सपुष्प वनस्पतींपैकी केवळ १६ टक्के जातींचे वर्णन नमुना मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत झाले होते. जवळजवळ एक चतुर्थांश जातींचे नमुने पन्नास वर्षांहून जुने होते. ज्या सुमारे ७० हजार जाती अजून अनोळखी असाव्यात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक कुठल्या ना कुठल्या कपाटात आधीच येऊन पडल्या आहेत, असा त्या संशोधकांचा अंदाज होता. २०२२ साली जाहीर झालेले बोलिव्हियातले महाकमळ, व्हिक्टोरिया बोलिव्हियाना, क्यूच्या संग्रहात १७७ वर्षे दुसऱ्या जातीच्या नावाखाली होते. दहा फुटांपर्यंत रुंद पानांची वनस्पती इतका काळ निसटू शकते, तर बोटभर गवतांचे काय!

नमुने गोळा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते अशी कामे आता त्यांच्याकडून घेतली जातात. एफ. आय. वुडवर्ड यांनी १९८७ साली इंग्लंडमधल्या वृक्षांच्या जुन्या वाळक्या पानांवरची पर्णरंध्रे मोजली. दोनशे वर्षांत त्यांची घनता सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पानाला तो कमी रंध्रांतून पुरेसा मिळतो, म्हणून नवी पाने कमी रंध्रे घडवतात. औद्योगिक क्रांतीची नोंद पानांनी स्वतःच करून ठेवली होती. स्वीडनमध्ये जुन्या शेवाळ्यांतले शिसे मोजून हवेच्या प्रदूषणाचा शंभर वर्षांचा आलेख काढता आला. बटाट्यावरच्या करप्याने १८४५ नंतर आयर्लंडमध्ये जो दुष्काळ आणला त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या काळातली करपलेली पाने संग्रहांत होती. २०१३ साली त्यांतून रोगजंतूचा जनुकसंच वाचला गेला आणि तो वाण विसाव्या शतकात जगभर पसरलेल्या वाणाहून वेगळा असल्याचे ठरले. मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर १८७५ साली गोळा केलेले हेस्परेलिया हे ऑलिव्हच्या कुळातले झाड आज पृथ्वीवर नाही, तरी वाळलेल्या पानातल्या डीएनएवरून त्याचे नातेवाईक ठरवता आले आहेत. चिठ्ठ्यांवरच्या तारखा जुळवून कोणती जात पूर्वी कधी फुलत होती आणि आता किती आधी फुलते, हेही तपासले जाते.

हा पुरावा सावधपणे वाचावा लागतो. संग्राहक रस्त्याच्या कडेने, थंड हवेच्या ठिकाणांभोवती, सुट्टीच्या दिवसांत अधिक फिरले. खंडाळा, महाबळेश्वर, माथेरान येथून अमाप नमुने आले, दूरच्या दऱ्याखोऱ्यांतून त्यामानाने थोडे. त्यामुळे एखाद्या जागेचा नमुना नाही, यावरून ती वनस्पती तिथे नव्हती असे म्हणता येत नाही. मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचे संयुग, लावलेल्या नमुन्यांत पाऱ्याचे प्रदूषण मोजण्यात तर अर्थच नाही.

संग्रह नष्टही होतात. १ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात तिथल्या सुमारे चाळीस लाख नमुन्यांपैकी बहुतेक जळाले, त्यांत हजारो प्ररूप होते. शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९२९ पासून काढून ठेवलेली प्ररूपांची छायाचित्रे हाच काहींचा उरलेला माग आहे. शांततेच्या काळातही धोका टळत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०२४ साली आपला सव्वाआठ लाख नमुन्यांचा संग्रह बंद करण्याचे जाहीर केले. जागा आणि माणसे यांचा खर्च हे अशा निर्णयांमागचे नेहमीचे कारण असते, आणि वर्गीकरणाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी कमी होत चालल्याने त्याला विरोध करणारेही थोडेच उरतात. ही खरी चिंतेची बाब आहे.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ साली आभासी हर्बेरियम खुले केले. सुरुवातीलाच त्यात सुमारे एक लाख नमुन्यांची चित्रे होती. पूर्वी ज्यासाठी क्यूची वारी करावी लागे, ते प्ररूप आता सांगली किंवा साखळीच्या विद्यार्थ्यालाही पडद्यावर मोठे करून पाहता येतात. पण चित्रातून डीएनए निघत नाही, शिसे मोजता येत नाही, आणि फूल भिजवून उघडताही येत नाही. त्यामुळे नवा नमुना आजही कागदावर येतोच. सोबत उपग्रहाने दिलेले अक्षांश-रेखांश, ताज्या फुलाचे छायाचित्र आणि सिलिका जेलमध्ये झटपट वाळवलेला पानाचा तुकडा ठेवतात, आणि एकाच झाडाच्या चार-पाच प्रती करून त्या वेगवेगळ्या शहरांतल्या संग्रहांना पाठवतात.