चित्र अडते, आवाज पोचतो

बालाघाट शहर सोडून बैहरकडील घाट चढू लागले, की मोबाइलवरील चित्र पुष्कळदा थबकते. बोलणे मात्र त्यानंतरही काही काळ ऐकू येत राहते. घरबसल्या शिक्षणाचे नवे युग अवतरले असे म्हणणाऱ्यांनी या साध्या अनुभवाचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची. अशा प्रत्येक अंकास बिट म्हणतात. टेलिफोनवरील आवाज या भाषेत आणण्याच्या रूढ पद्धतीत सेकंदास त्याचे ८,००० नमुने घेतात व प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात. म्हणजे ६४,००० बिट झाले. चित्राचा खर्च निराळा. ६४० ठिपके रुंद व ४८० ठिपके उंच असे बेताचेच चित्र घेतले, तरी त्यात तीन लक्षांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यातील तांबडा, हिरवा व निळा रंग नोंदविण्यास २४ बिट लागतात, आणि चित्र हलते दिसावे म्हणून सेकंदास अशी २५ चित्रे धाडावी लागतात. हा आकडा १८ कोटी ४३ लक्षांवर जातो! यंत्रे त्यात पुष्कळ काटकसर करतात. गुरुजींच्या मागचा फळा जागचा हलत नाही. तो पुनःपुन्हा कशाला धाडावा? आवाजातही अशी काटकसर होते. तरी चित्राचे ओझे आवाजाच्या कितीतरी पट राहतेच, आणि वाट अरुंद झाली की जड गाडा आधी अडतो.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने शाळा बंद पडल्या, तेव्हा हा हिशेब मुलांच्या वाट्यास आला. मध्य प्रदेश शासनाने व्हॉट्सॲपवरून धडे धाडले. त्याच सुमारास आकाशवाणीवरून ‘रेडिओ स्कूल’ही सुरू केले. ज्या घरी एकच मोबाइल, आणि तोही मजुरीसाठी नागपूरला गेलेल्या बापाच्या खिशात, त्या घरच्या मुलीला धड्याच्या चित्राचा काय उपयोग? रेडिओ तिच्यापर्यंत पोचू शकतो. पण त्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि घरी गोंडी किंवा पोवारी बोलणाऱ्या मुलीला हिंदी धड्यात प्रश्न पडावयाचेच.

विज्ञानाच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. सी-डॅक व अमृता विश्वविद्यापीठ यांनी तयार केलेल्या ‘ओलॅब्स’ या संगणकीय प्रयोगशाळेत मूल पडद्यावरच प्रयोग करू शकते. घातक रसायने हाताळण्याचा धोका त्यात नाही, हा लाभ लहान नव्हे. परंतु पडद्यावरील प्रयोग सहसा ठरल्याप्रमाणेच घडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची पूड टाकली, की तेथे ऑक्सिजनचे बुडबुडे येणारच. खऱ्या नळीत द्रावण जुने निघते, बुडबुडे येत नाहीत, आणि ‘का?’ हा प्रश्न तेथेच जन्मास येतो. बालाघाटजवळ भरवेली येथे मँगनीजची मोठी भूमिगत खाण आहे. तिच्या परिसरातील मुलाने मँगनीज प्रथम पडद्यावर पाहावे, हे विचित्रच होय.

याच राज्यात एक निराळी वाट चोखाळली गेली होती. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. आसपासच्या स्वस्त वस्तू घेऊन मुले स्वतः प्रयोग करीत. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. पण त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके आज संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. पुस्तकाचे छायाचित्र न पाठविता नुसता मजकूर पाठविला, तर ओझे फारच थोडे. देवनागरीचे एक चिन्ह सामान्यतः २४ बिटांत मावते. दोन हजार चिन्हांचे पान ४८,००० बिटांचे, म्हणजे टेलिफोनवरील एका सेकंदाच्या बोलण्याहूनही हलके. चित्र अडते त्या घाटातूनही प्रयोगाची कृती सांगणारे असे पान पलीकडे जाऊ शकते. पुढे लागते ती परीक्षानळी, थोडी पूड आणि शेजारी उभा राहणारा शिक्षक.