जीपचा शुद्ध पाठ

साताऱ्याला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जीप बावीस वर्षे उभी होती. उभी म्हणजे विटांच्या चार थरांवर. तिच्या बॉनेटवर आमच्या सौभाग्यवती सांडगे वाळत घालीत आणि मागच्या भागात गल्लीतली मांजर दरवर्षी नेमाने बाळंत होई. "एकतर ती विका, नाहीतर चालवा," असे मला दर दिवाळीच्या साफसफाईत सुनावले जाई. जुन्या पोथ्यांवरची धूळ झटकण्यात हयात घालवणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीतले काय कळणार, हा त्यातला न बोललेला भाग.

ही गाडी आमच्या आजोबांची, म्हणजे आबांची. कोयना प्रकल्पावर ते लहानसहान कंत्राटे घेत आणि त्यासाठीच त्यांनी १९६४ साली ती जुनी विकत घेतली. मॉडेल सीजे-३बी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विलीज कंपनीने नावारूपाला आणलेल्या लष्करी जीपचा हा नागरी अवतार १९५३ चा. १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' म्हणून निघालेली आणि १९४८ पासून 'महिंद्र अँड महिंद्र' झालेली आपली मुंबईची कंपनी या जीपा इकडे बनवू लागली. वाचकांपैकी कित्येकांनी हिला मामलेदार किंवा इंजिनिअर साहेबांच्या दौऱ्यावर पाहिले असेल. ओळखायची खूण म्हणजे कपाळ फार उंच. नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच झाले, कारण आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले आणि बाहेर टाकणारे खालीच राहिले. मग बॉनेट उचलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे चालवणारा प्रत्यक्ष पेट्रोलवर आसनस्थ!

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. "सर, इंजिन जाम आहे. काढून टाका. डिझेल बसवतो, लिटरला दुप्पट देईल."

सल्ला वावगा नव्हता. पेट्रोल महागल्यापासून देशातल्या किती जीपांच्या पोटात अशी परकी इंजिने गेली आहेत याची गणती नाही. पण कंपनीच्या मूळ घडणीत असा बदल केला की मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. शिवाय माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती मागाहून शिरलेले पाठ बाजूला सारून. मी म्हटले, "मिस्त्री, आपल्याला मूळ पाठ हवा. प्रक्षेप नकोत."

मिस्त्रींनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले.

कामाला चौदा महिने लागले. इंजिन उतरवले, सिलिंडरांना बोअर मारले, रिंगपिस्टन नवे घातले. पाटे ठोकून सरळ केले. शुद्ध पाठाचा माझा हट्ट मात्र तिसऱ्याच महिन्यात ढिला पडला. जुन्या ब्रेकची तेलवाहिनी एकच, ती फुटली की चारही चाके मोकळी. पोरीला बसवायचे म्हटल्यावर मी निमूटपणे दोन स्वतंत्र वाहिन्यांना होकार दिला. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्याही बदलल्या. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला. पट्टे आले.

मग परिवहन कार्यालय. २०२१ पासून पन्नास वर्षांपलीकडच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पहिली फी वीस हजार, मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, मेळावे किंवा दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणायची. हे ऐकून आमचे तीर्थरूप अण्णा म्हणाले, "म्हणजे तिला पेन्शनीत काढायची. काही नको." तेव्हा साध्याच नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले.

आता राहिली मागची आडवी बैठक. ती पूर्वीपासून नव्हतीच. तळाच्या पत्र्यावर तिच्या पायांची कापलेली चार खुंटे तेवढी होती. मी जुन्या छायाचित्रांवरून मापे काढली, साडेचार हजार खर्चून हुबेहूब बैठक करवून घेतली आणि अण्णांना दाखवायला गॅरेजमध्ये नेले.

अण्णांनी तिच्यावरून हात फिरवला. "छान झालीय. बसवू नकोस."

"अण्णा, मूळची आहे. कुणीतरी कापून टाकलेली दिसते."

"कुणीतरी नव्हे. आबांनी. करवतीनं. बोल्ट गंजले होते, सुटेनात."

११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. कोयनेचा भूकंप आमच्या घरात कधी कुणी नीट सांगितला नव्हता. अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे. कोयनानगरची घरे पडली होती, आणि माणसांना आडवे नेता येईना म्हणून आबांनी ती बैठक अंधारात कापून फेकली. मागची फळी खाली सोडून दोघा-दोघांना निजवायचे आणि निघायचे. अशा चार खेपा झाल्या. अण्णा मागे कंदील धरून बसत.

"तिसऱ्या खेपेला एक बाई होती," अण्णा म्हणाले. "पाटणच्या अलीकडं गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं. आबांना मी पाटण येईपर्यंत सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गाडी हळू केली असती, आणि शेजारचा माणूस जिवंत होता."

मिस्त्रींनी न सांगता ती बैठक उचलून बाजूला ठेवली. हल्ली ती आमच्या ओटीवर असते. चपला घालायला बरी पडते.

नोव्हेंबरात आम्ही निघालो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूण. सव्वाशे किलोमीटर असतील, मला आठ तास लागले. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळे गाडी पुरती थांबल्याशिवाय तो पडत नाही. हे मला उंब्रजच्या चढावर, मागे उसाच्या ट्रॉल्या तुंबलेल्या असताना समजले. सौभाग्यवती आणि मुलगी चाकांवरच्या उंचवट्यांवर गाद्या टाकून बसल्या होत्या.

पाटण मागे टाकल्यावर अण्णांनी खांद्याला हात लावला. मी गाडी कडेला घेतली. ते उतरले नाहीत. नुसतेच मागे वळून, त्या चार खुंटांकडे पाहत राहिले. मुलीने विचारले, "आजोबा, हे काय आहे?" आणि त्यांनी तिला सगळे सांगितले. मला सांगितले होते त्याहून जरा जास्तच. त्या बाईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, हे मला माहीत नव्हते.

हेळवाकला चहा झाला. "आता मला दे," अण्णा म्हणाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुंभार्ली घाट! सौभाग्यवतींनी माझ्याकडे डोळे वटारले, पण अण्णा सीटवर बसलेसुद्धा. त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि पोफळीपर्यंत तो बदलला नाही. इंजिनच्या जोरावर गाडी अशी अलगद उतरली की ब्रेकच्या त्या दोन वाहिन्यांपैकी एकीचेही फारसे काम पडले नाही.

चिपळूणपर्यंत पेट्रोल किती लागले, ते घरात अजून कुणाला कळलेले नाही.