पद्मिनीला लागली धाप

भर मे महिना, पारा ४५च्या पुढे. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली, साधारण ८० किलोमीटर. गाडी बाबांची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, जन्म कुर्ल्याचा. 'विकायची की ठेवायची, पोचेपर्यंत ठरव,' बाबांनी निघतानाच बजावलेलं. आणि जंगल लागताच बाईसाहेब आचके द्यायला लागल्या. या रस्त्यावर वाघ आडवे येतात, थांबायची हौस कुणाला?

तुमच्या एमपीएफआय गाडीत हवा-पेट्रोलचा हिशोब कॉम्प्युटर ठेवतो. इथे नाक, कान आणि बाबा!

माझं निदान झटपट: कोळशाची धूळ, एअर फिल्टर चोंदलाय, म्हणजे मिक्श्चर रिच.

'मग काळा धूर कुठाय? चोक ओढ जरा.'

ओढला, तर गाडी चक्क सावरली. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, मिक्श्चर लीन. रिच असती तर आणखी गुदमरली असती.

मूलला टपरीशेजारी बॉनेट उघडलं. प्लग पांढराफटक. (तब्येत ठीक असेल तर फिकट तपकिरी, रिच असेल तर काजळी.) आता उन्हाने पेट्रोलची वाफ होतेय, की कुठून जास्तीची हवा शिरतेय? पंपावर ओलं फडकं टाकलं, ढिम्म फरक नाही. मग इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी पाण्याचे थेंब सोडले. आवाज बदलला! गॅस्केट गेलेलं, नटही ढिले. तात्पुरते आवळले.

गडचिरोली जवळ आल्यावर बाबा म्हणाले, 'मग?'

'गॅस्केट नागपूरहून मागवतो,' मी म्हटलं.